तेलाआधीची खूण

मास्तरने सायकलच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क कुरकुरत चार बोटं खाली गेला आणि तिथेच बसला. मास्तरने हात काढले, वाट पाहिली, मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले. वर यायचं नाव नाही. शेवटी पुढचं चाक गुडघ्यांत धरून त्याने हँडल हिसडलं, तेव्हा कुठे तो उपकार केल्यासारखा वर आला. ‘वा!’ मास्तर म्हणाला. ‘वा वा! मेलेलं माणूस तरी जरा बऱ्यापैकी उठून बसेल!’ समोर एक मुलगी उभी होती. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवलेल्या पट्टीत ठेवलेला होता. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते असं तिने आल्या आल्या सांगितलं होतं, आणि टेकडीमागच्या दगडी उतारावर पडले असंही. पुढचं चाक एकदा दगडावरून खाली आदळलं, फोर्क दबला तो दबलेलाच राहिला, आणि पुढच्या दगडाला ती हँडलवरून पलीकडे. हे ती एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशी सांगत होती. मास्तरचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो वाकून फोर्कच्या आतल्या नळ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत होता. नख अडकत होतं. जिथे काचेसारखं गुळगुळीत असायला हवं तिथे उभे ओरखडे होते, एका ठिकाणी वरचा मुलामा पार जाऊन खालचा पांढरट धातू उघडा पडला होता, आणि सीलच्या कडेला चिखल वाळून त्याचं कडं झालं होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

ही तिडीक त्याच्या ओळखीची होती, रोजची होती, तिच्यावर त्याचा जीवही होता म्हणा ना. दुकानाच्या मागच्या या बिनखिडकीच्या खोलीत अकरा वर्षं तो फक्त फोर्क उघडत आला होता. बाकीच्या दुरुस्त्या बाहेर, इथे फोर्क. जुने लोक त्याला चिमटा म्हणत, तेव्हा आत काही नव्हतंच, नुसता लोखंडी चिमटा. आता आत हवा होती, तेल होतं, स्पंजच्या रिंगा होत्या, बोटभर जाडीचं सील होतं, आणि या सगळ्याला वर्षातून एकदा उघडून पुसून नवं तेल घालावं लागतं एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला कळत नव्हती. दर रविवारी गाडीला फेस काढून आंघोळ घालतील, चेनला चार प्रकारची तेलं आणतील, सीटचं कापड बदलतील, गाडीचे फोटो काढून चारचौघांना पाठवतील, आणि आत तेल आहे की आटलं हे विचारायला कुणाला फुरसत नाही. मग तीन वर्षांनी येतात आणि म्हणतात, मास्तर, जरा कडक झालाय, बघता का. जरा! आणि त्याहून वाईट ते, जे बघायलाही येत नाहीत, सरळ नवा बसवून मागतात. जुना भंगारात. का? चालत नाही म्हणून. का चालत नाही? तर तुम्ही चालू दिला नाहीत म्हणून! हे सगळं तो गिऱ्हाइकांना तोंडावर ऐकवायचा. म्हणून तर त्याचं नाव मास्तर पडलं होतं. हातात छडी नाही एवढंच, असं दुकानाची मालकीण म्हणायची.

‘शेवटची सर्व्हिस कधी केली होती?’ त्याने विचारलं. विचारतानाच त्याच्या आवाजात उत्तर ठरलेलं होतं.

‘गेल्या वर्षी. चौदा महिने झाले असतील,’ ती म्हणाली. ‘इथेच दिली होती. मी गाडी जुनी घेतली होती, आधीच्या माणसाने फोर्क कधी उघडलाच नव्हता. म्हणून मुद्दाम घेतल्या घेतल्या इथे आणून दिली.’

‘इथे.’

‘हो. इथेच, काका.’

मास्तर हसला. हे हसणं घरी कुणाला आवडत नसे. ‘अहो, मॅडम,’ तो म्हणाला, ‘असं म्हणणारी तुम्ही या महिन्यातली चौथी. प्रत्येकाने इथेच दिलेली असते. कधी दिली विचारलं की गेल्या वर्षी. कुणाकडे दिली विचारलं की एक माणूस होता. पावती विचारली की घर बदललं त्यात गेली. मी काय इथे झोपा काढतो?’ त्याने बोलता बोलता चाक काढलं, फोर्क गाडीपासून सोडवला, खालचे दोन्ही बोल्ट फिरवले आणि रबरी हातोडीचे दोन ठोके घालून बाहेरचे पाय आतल्या नळ्यांवरून खेचून काढले. ट्रेमध्ये चमचाभर काळं पाणी पडलं. तेल नव्हे, पाणी. त्यात वाळू होती. स्पंजच्या रिंगा बोटांत धरल्या तर त्यांचा भुगा झाला. ‘हे बघ,’ तो ओरडला, आणि कधी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ‘हे बघ, अगं, डोळे उघडून बघ! चौदा महिने? हे चार वर्षांत उघडलेलं नाही! ही कारखान्यातली रिंग आहे, माझी नव्हे. मी लाल रिंग घालतो. ही करडी आहे. आणि तू माझ्या तोंडावर सांगतेस की मी सर्व्हिस केली! पडलीस ते पडलीस, वर खोटं कशाला बोलायचं?’

मुलीचा चेहरा लाल झाला. ‘मी खोटं बोलत नाही,’ ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. ‘मी सांगितलं होतं तुम्हाला, आत पाणी गेलंय असं वाटतं म्हणून. तुम्ही मान हलवलीत.’

मी सांगितलं होतं तुम्हाला. हे वाक्य मास्तरला आवडलं नाही. ते कुठेतरी आत जाऊन लागलं आणि त्याचा राग दुप्पट झाला, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसा. आवाज ऐकून मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कधी घाईने आत येत नसत, दारात उभ्या राहत, चष्मा कपाळावर सारत आणि वाद कुठवर आलाय ते पाहत. ‘खूण आहे का बघा ना, मास्तर,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘भांडताय कशाला?’

‘थांबा,’ मास्तर म्हणाला. ‘दाखवतोच. दोघींनाही दाखवतो.’

खूण ही त्याची स्वतःची पद्धत होती. फोर्कच्या दोन पायांच्या मधून वर हँडलकडे जी पोकळ दांडी जाते, तिच्या आत, खालच्या तोंडापासून दोन बोटांवर, तो बारीक ब्रशने पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख लिहायचा आणि खाली एक आडवी रेघ मारायचा. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी धुण्यात जाते, बिल हरवतं, माणूस खोटं बोलतो. ही खूण कुठे जात नाही. टॉर्च लावून एक डोळा मिटून बघितलं तरच दिसते. ही त्याची सही आहे असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्याने टॉर्च पेटवली, फोर्क उलटा करून तोंडाजवळ आणला, बंदूक रोखल्यासारखा, आणि जिंकल्याच्या खुशीत एक डोळा मिटला.

आत पांढरी तारीख होती. सतरा. महिना. साल. खाली रेघ, उजवीकडे किंचित चढलेली, त्याची रेघ नेहमी चढते तशी.

‘आहे का?’ बाईंनी विचारलं.

दांडीतून एकाच डोळ्याला दिसतं. तो डोळा मास्तरचा होता. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘काही नाही आत.’ आणि टॉर्च विझवली.

किती सहज म्हणाला! नंतर त्याला याचंच नवल वाटत राहिलं की घसा अडखळला नाही, हात कापला नाही. फोर्क त्याने टेबलावर तोंड खाली करून ठेवला, जसा कुणी फोटो पालथा ठेवतो. बाई मुलीला म्हणत होत्या, होतं असं, दुसऱ्या दुकानात दिली असेल, लक्षात राहत नाही, तुम्ही पुढे येऊन बसा, पाणी घ्या. मुलगी हलली नाही. ती त्या पालथ्या फोर्ककडे पाहत होती आणि मास्तर फडक्याने हात पुसत होता, जिथे तेल नव्हतंच तिथे पुसत होता. सतरा. त्या सतरा तारखेसाठी त्याला कॅलेंडर नको होतं. चौदा महिन्यांत ती तारीख चौदा वेळा आली होती आणि प्रत्येक वेळी त्याने कुणाशी ना कुणाशी भांडण काढलं होतं. त्या सकाळी समोरच्या दांडीवर चार फोर्क उलटे टांगलेले होते. ऑइलपेंट वाळायला दुपार होते. काम झाल्यावर खूण करायची म्हटलं तर गिऱ्हाईक ताटकळतं, चाक बसवताना ओला रंग फासतो, तारखेचा चिखल होतो. म्हणून दोन-तीन वर्षांपासून त्याने एक युक्ती काढली होती. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या सगळ्या फोर्कना आधी खुणा करायच्या, मग एकेक उघडायला घ्यायचा. संध्याकाळपर्यंत रंगही वाळतो, तेलही पडतं. खूण आधी, तेल नंतर. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही असं त्याला वाटत होतं. शेवटी तो रोज दांडीवरचं सगळं संपवूनच घरी जायचा. अकरा वर्षांत एक दिवस त्याशिवाय गेला नव्हता.

एक दिवस गेला होता. अकराच्या सुमाराला बायकोचा फोन आला होता. तीन फोर्क झाले होते, चौथा दांडीवर होता. ‘ती बॅग भरतेय,’ बायको म्हणाली. ‘तुम्ही या.’ ती म्हणजे मुलगी. त्यांची एकुलती एक मुलगी. मास्तर तसाच निघाला, ॲप्रनसकट. जिना चढून घरात शिरला तर खरंच बॅग भरलेली, दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र टेबलावर, आणि संध्याकाळची गाडी. हे कधी ठरलं? मला कुणी विचारलं? मी या घरात कोण आहे? तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. मुलगी कपडे घडी करत म्हणाली, ‘मी सांगितलं होतं तुम्हाला, बाबा. पंधरा दिवसांपूर्वी. दुकानात आले होते तुमचा डबा घेऊन, तेव्हा.’ तो म्हणाला, खोटं. ती म्हणाली, तुम्ही बरं म्हणालात. तो म्हणाला, धडधडीत खोटं बोलतेस, स्वतःच्या बापाच्या तोंडावर! माझ्या घरात खोटं बोलणारं माणूस मला नको. हे शेवटचं वाक्य त्याने एकदाच म्हटलं. मुलीने हातातला कुर्ता घडी न करताच बॅगेत कोंबला. त्यानंतर ती आईशी बोलायची, रोज बोलायची, आणि हा घरात असला तर आई फोन घेऊन गच्चीत जायची.

आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळलं होतं. हेच आता त्याला जाळत होतं. चुकून राहिलं असतं तर राहिलं असतं, माणूस आहे, होतं. पण दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दांडी रिकामी होती. संध्याकाळी दुकानात बाहेर काम करणाऱ्या माणसाने टॉर्च मारून खुणा बघितल्या होत्या, चारही फोर्क गाड्यांना बसवले होते, आणि गाड्या गेल्या होत्या. आणि मास्तरच्या टेबलावरच्या थाळीत सील आणि लाल रिंगांचा एक संच उरला होता. एक पाकीट, न फोडलेलं. सकाळी मोजून चार काढले होते. तीन वापरले. तो त्या पाकिटाकडे किती वेळ पाहत होता? एक मिनिट? रात्रभर झोप नव्हती, डोक्यात मुलीची बॅग होती, आणि त्याने स्वतःला सांगितलं, पाच काढले असतील. पाच काढून चार वापरले. असंच असणार. त्याने पाकीट उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर जरा जोरातच लावला. एक फोन केला असता तर! बाहेर जाऊन वहीत नाव बघून एक फोन केला असता तर चाळीस मिनिटांचं काम होतं. नळ्या तेव्हा चांगल्या असतील. नक्कीच चांगल्या असतील. चौदा महिन्यांपूर्वी हा फोर्क वाचला असता.

आता नाही. हेही त्याला दिसत होतं, रागाच्या धुरातूनही दिसत होतं, कारण त्याची नजर खोटी नव्हती, बाकी काहीही असो. मुलामा गेलेल्या नळीवर नवं सील बसवलं तरी महिन्याभरात फाटणार. आतल्या नळ्यांचा जोड बदलायचा म्हटलं तर कंपनीने हे मॉडेल बंद केलंय, जोड मिळत नाही. ‘काय करायचं, मास्तर?’ बाईंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं असं त्यांना वाटत होतं, दर वेळी तेच असे. मास्तर हट्ट करणार, घासतो, पॉलिश करतो, दोन दिवस द्या, आणि बाई म्हणणार, तुमचे दोन दिवस जातील आणि तो परत येईल. ‘नवीन टाका,’ मास्तर म्हणाला. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते. ‘काय म्हणालात?’ ‘नवीन टाका म्हणतो. या नळ्यांत आता राम नाही. जुना भंगारात द्या. आजच भंगारवाला येतो ना? आजच द्या.’ आणि हे बोलताना आपल्याला आत हलकं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःचीच किळस आली. तर असं असतं होय! हे लोक नवीन नवीन का करतात ते त्याला आज कळलं. जुनं गेलं की त्याच्यातली तारीखही जाते. कुणी उघडून बघायला नको, कुणाला विचारायला नको. गेली अकरा वर्षं तो गिऱ्हाइकांना आळशी म्हणत होता. ते घाबरट होते की काय कुणास ठाऊक.

मुलीने डाव्या हाताने फोन काढला. एका हाताने नंबर लावून कानाला धरणं तिला जमेना, म्हणून तिने तो टेबलावर पालथ्या फोर्कशेजारी ठेवला आणि स्पीकर चालू केला. ‘बाबा, फोर्क बदलावा लागेल म्हणतात,’ ती म्हणाली.

‘म्हणणारच,’ पलीकडचा आवाज म्हणाला. ‘मी काय सांगत होतो? तुला वस्तू जपता येत नाही. कुठलीच येत नाही. मनगट मोडून घेतलंस, महिनाभर कामावर सुई धरता येणार नाही, आणि वर मला सांगत होतीस की मी सर्व्हिस करून आणली होती.’

‘आणली होती, बाबा.’

‘पुन्हा तेच! अगं, त्यांनी उघडून बघितलंय ना? ते काय म्हणतात?’

मुलीची नजर टेबलावर होती. मास्तरला तिच्या गळ्याची शीर उडताना दिसली.

‘ती गाडी मी विकणार आहे,’ आवाज म्हणाला. ‘पडल्याचं काही नाही, पडतात लोक. पण खोटं मला चालत नाही, तुला माहीत आहे. आहेत का ते शेजारी? त्यांना विचारतो मी. अहो, मिस्त्री, ऐकताय का? तुम्ही उघडून बघितलंय. हिने सर्व्हिस केली होती का हो? काय आहे ते सांगून टाका, म्हणजे एकदाचं हिच्यासमोर होऊन जाऊ दे.’

त्या आवाजात बोलण्याआधी एक छोटा श्वास होता. मास्तरला तो श्वास ओळखीचा वाटला. आपण बरोबर आहोत याची पुरेपूर खात्री असलेला माणूसच आवाज चढवण्याआधी असा श्वास घेतो. मास्तरने तो हजारदा घेतला होता. त्याला त्या माणसाचा इतका संताप आला की फोन उचलून भिंतीवर मारावासा वाटला. कोण रे तू? दिसतंय का तुला तिचं तोंड? तुला काय माहीत? पण हा प्रश्न नीट विचारायला गेलं तर तो फोनकडे जात नव्हता, तो उलट फिरून याच्याकडेच येत होता. दारात बाई उभ्या होत्या. मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडून तिला काही अपेक्षाच उरली नव्हती. हे त्याला सर्वांत जास्त झोंबलं. चार पावलांवर ते स्टूल होतं, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं. बॅग भरायच्या पंधरा दिवस आधी डबा मांडीवर घेऊन त्याची मुलगी त्याच स्टुलावर बसली होती. एका फोर्कमधून हवा कुठून गळतेय ते ऐकायला त्याने कान नळीला लावला होता, आणि त्याच्या पाठीमागे ती बोलत होती. एवढं त्याला आठवत होतं. हवेचा सूंऽऽ असा बारीक आवाज, आणि मागे तिचा आवाज. चौदा महिने त्याने स्वतःला सांगितलं होतं की ती डब्याबद्दल काहीतरी बोलत होती.

‘केली नव्हती,’ मास्तर म्हणाला.

मुलीने डोळे मिटले.

‘ऐकलंस?’ फोन म्हणाला.

‘थांबा हो!’ मास्तर ओरडला, असा ओरडला की बाईसुद्धा दचकल्या. ‘मधे बोलू नका, मला पुरं बोलू द्या! केली नव्हती, कारण मी केली नव्हती. हिने आणून दिली होती. इथे, माझ्या हातात. मी तारीख टाकली आणि उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं तरी गप्प बसलो. आत तारीख आहे. मघाशी बघितली आणि नाही म्हणून सांगितलं. तुमची मुलगी पहिल्यापासून खरं बोलतेय. ती पडली ती माझ्यामुळे.’

पलीकडे तो छोटा श्वास. आणि मग तोंडाचा सगळा पट्टा मास्तरवर फिरला. लाज वाटत नाही का, माणसाचा जीव गेला असता, दुकान चालवता की काय करता, मी तक्रार करीन, मी स्वतः येतो तिथे. मास्तर टेबलाच्या कडेला हात टेकून ऐकत राहिला. एकेक शब्द त्याचा पाठ होता. कुठे थांबणार, कुठून पुन्हा वर चढणार, सगळं. एका ठिकाणी तर पुढचा शब्द आधी त्याच्याच मनात आला. त्याला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर राग उतरेल. कुठला उतरतोय! उलट इतकी वर्षं चार दिशांना उधळलेला राग एका जागी जमा झाल्यासारखा छातीत बसला होता.

‘बाबा,’ मुलगी मधेच म्हणाली. ‘तुम्ही इथे येऊ नका. आधी मला सांगा.’

‘तुला काय सांगू?’

‘मला आठ दिवस जे बोललात त्याचं.’

फोनमध्ये खाकरल्याचा आवाज आला. ‘संध्याकाळी बघू,’ तो आवाज म्हणाला, बराच खाली उतरून, आणि फोन बंद झाला. मुलीने तो उचलून खिशात घातला. मग पहिल्यांदा तिने मास्तरकडे सरळ पाहिलं. त्याला वाटलं आता ती आभार मानेल, आणि तसं झालं तर आपण काय करायचं या विचाराने तो घाबरला. पण तिच्या मनात तसलं काही नव्हतं. ‘मघाशी का नाही म्हणालात?’ तिने विचारलं.

‘घाबरलो.’

‘मला खोटारडी म्हणालात. त्या बाईंसमोर.’

‘हो.’

‘मला पेशंटची शीर लगेच सापडते, काका. डोळे मिटूनसुद्धा. सगळे माझ्याकडेच येतात. आता हे प्लास्टर निघाल्यावर मनगट किती वळेल ते डॉक्टर सांगत नाहीत.’ तिचा आवाज तसाच होता, रिपोर्ट वाचल्यासारखा, फक्त शेवटच्या शब्दावर घसरला. ‘नवा फोर्क तुम्ही बसवायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. आणि हा भंगारात नाही द्यायचा. हा मला हवाय.’

‘याचा काही उपयोग नाही आता.’

‘मला आहे उपयोग. घरी दाखवायचाय.’ तिने फोर्क डाव्या हाताने उचलून काखेत घेतला. काळं पाणी तिच्या बाहीवर ओघळलं. दारापर्यंत गेली आणि वळली. ‘टॉर्च पण द्या. आत दिसत नाही त्याच्याशिवाय.’ मास्तरने टॉर्च दिली. हात एकच, म्हणून तिने ती प्लास्टर आणि पोट यांच्यामध्ये दाबून धरली आणि गेली. बाई अजून दारातच होत्या. ‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, ‘तारीख आधी टाकायची पद्धत होती?’ ‘होती.’ ‘किती वर्षं?’ त्याने सांगितलं. बाईंनी मान हलवली, बाहेर गेल्या, आणि वहीची पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन जाणार होते. जायलाच हवे होते. हा निर्णय बाईंना घ्यावा लागला, त्याने घेतला नाही, याचाही त्याला राग आला.

दांडीवर आजचे तीन फोर्क उलटे टांगलेले होते. तिघांच्याही आत आजची तारीख ओली होती. मास्तरने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि एकेकाच्या आत बोट घालून तारखा पुसून काढल्या. बोट पांढरं झालं. त्याच बोटाने त्याने खिशातला फोन काढला आणि काचेवर पांढरा डाग उमटला. स्वतःच्या मुलीचं नाव यादीत बरंच खाली गेलं होतं. शोधायला वेळ लागला. मुलगी म्हणजे काही फोर्क नव्हे, तो स्वतःवर डाफरला, असल्या उपमा सुचतात कशा भर दुपारी! तिचं काय घासून पॉलिश करणार आहेस? ती तिकडे आपलं चालवतेय. तिला कदाचित तुझी गरजही नसेल. फोन लावू नकोस, कामात असेल, संध्याकाळी लाव, आईला विचारून लाव. हे सगळं तो मनात म्हणत होता आणि तिकडे घंटी वाजत होती.

‘काय झालं?’ तिने घाबरून विचारलं. हॅलो नाही, काही नाही. ‘आईला काय झालं?’

‘आई बरी आहे.’

‘मग?’

तिच्या मागे माणसं बोलत होती, कुणीतरी हसत होतं, एक प्रिंटर खरखरत होता. ‘तू दुकानात आली होतीस,’ मास्तर म्हणाला. ‘डबा घेऊन. स्टुलावर बसली होतीस. माझा कान त्या नळीला होता. तू नोकरीचं सांगितलं होतंस.’ त्याने समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. ‘तू खोटं बोलली नव्हतीस. मी बरं म्हटलं होतं आणि ऐकलं नव्हतं.’

मागची माणसं हळूहळू दूर गेली. एक दार उघडून लागलं. ती कुठेतरी मोकळ्या जागी आली असावी, कारण आता तिचा श्वास ऐकू येत होता. छोटा श्वास. तो मास्तरच्या घराण्यातलाच होता.

‘दोनदा,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. ‘दोनदा म्हणालात, बाबा! मी पुन्हा विचारलं होतं, ऐकलंत ना, आणि तुम्ही पुन्हा बरं म्हणालात. मी दुकानातून निघताना रडले होते, तुम्ही किती सहज हो म्हणालात म्हणून! घरी जाऊन आईला सांगितलं, बाबा काही बोलले नाहीत गं, बरं म्हणाले. आणि तुम्ही मला...’

पुढे ती ओरडतच राहिली. मास्तरने पायाने ते स्टूल जवळ ओढलं, फोन कानाला घट्ट लावला आणि बसला.